वारा आणि वाऱ्यातला फरक

८ फेब्रुवारी २०२० च्या संध्याकाळी न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ विमान चार तास छप्पन्न मिनिटांत लंडनला पोहोचले. एरवी या प्रवासाला सहा तासांहून अधिक वेळ लागतो. त्या वेळी 'कियारा' नावाचे वादळ ब्रिटनवर येऊन थडकत होते आणि अटलांटिकच्या वर, विमाने उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून येणारा वारा विलक्षण जोरात वाहत होता. वाटेत या विमानाचा जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. मग या विमानाने ध्वनीला मागे टाकले का? नाही. त्याच्या पंखांना, इंजिनांना किंवा आतल्या प्रवाशांना काहीही वेगळे जाणवले नाही. भोवतालच्या हवेतून ते आपल्या रोजच्याच, ताशी ९०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने चालले होते. वरचा सगळा वेग त्या हवेचा स्वतःचा होता. जमिनीवर असता तर घरे उडवून नेईल इतक्या जोराच्या वाऱ्यात शेकडो माणसे जेवली, झोपली आणि वेळेआधी घरी पोहोचली. वारा आणि विमान यांच्याविषयीचा आपला नेहमीचा समज तपासून पाहायला ही एक घटना पुरेशी आहे.

तो समज असा, की वारा जितका जोराचा तितका विमानाला धोका अधिक. जमिनीवर राहणाऱ्या माणसाचा तो अनुभवच आहे. झाड, छप्पर, विजेचा खांब ही सगळी एका जागी रोवलेली असतात, म्हणून वाऱ्याचा सगळा जोर त्यांच्यावर येतो. उडणारे विमान कुठेही रोवलेले नसते. भरल्या नदीत पैलतीराकडे निघालेली होडी जशी पाण्याबरोबर खाली वाहत जाते आणि समोरच्या धक्क्याला लागायचे म्हणून नावाडी तिचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला वळवून ठेवतो, तसेच विमानाचे असते. नदीला किती ओढ आहे हे काठ पाहिल्याशिवाय होडीला कळत नाही, आणि वारा किती आहे हे जमीन पाहिल्याशिवाय विमानाला कळत नाही. म्हणून वैमानिकाला कायम दोन वेग सांभाळावे लागतात. एक हवेतला वेग, म्हणजे भोवतालच्या हवेतून विमान किती वेगाने पुढे जाते तो. विमानाच्या नाकाजवळच्या पिटो नळीत समोरून शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून तो मोजला जातो. दुसरा जमिनीवरचा वेग, म्हणजे खालच्या मुलखावरून विमान किती वेगाने सरकते तो. विमान हवेत तरंगते ते पहिल्या वेगावर. मुक्कामाला कधी पोहोचणार हे ठरते दुसऱ्यावर.

या प्रकरणातले सगळे विवेचन एका विधानाभोवती आहे. एकसारखा वाहणारा वारा कितीही जोराचा असला तरी तो उडत्या विमानाला पाडू शकत नाही. अडचण निर्माण होते ती फरकातून. एका ठिकाणची हवा आणि तिच्या शेजारची हवा यांच्या वेगात मोठा फरक असला की विमान हेलकावते. आणि वाहती हवा व स्थिर जमीन यांच्यात मोठा फरक असला की उडणे आणि उतरणे अवघड होते. वाऱ्यामुळे झालेले विमान अपघात तपासले तर जवळजवळ प्रत्येकाच्या मुळाशी या दोहोंपैकी एक फरक सापडतो.

पहिला पुरावा खुद्द पहिल्या उड्डाणाचा आहे. राइट बंधूंनी अमेरिकेच्या हवामान खात्याकडून वाऱ्याच्या नोंदी मागवून नॉर्थ कॅरोलायनातले किटी हॉक हे ठिकाण निवडले, कारण तिथे समुद्राकडून भरपूर वारा येई आणि पडले तर खाली वाळू होती. १७ डिसेंबर १९०३ रोजी ऑर्व्हिल राइटने बारा सेकंदांत १२० फुटांचे अंतर कापले. जमिनीच्या हिशेबाने हा वेग ताशी जेमतेम ११ किलोमीटर होतो. सायकलवाला सहज पुढे गेला असता. पण समोरून ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वारा येत होता. म्हणजे पंखांवरून हवा वाहत होती ती ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने, आणि तेवढ्या बळावर ते यंत्र उचलले गेले. शांत हवेत तेवढ्याच वेळात ते सुमारे ५४० फूट गेले असते, पण त्यासाठी आधी जमिनीवरच पुष्कळ लांब धावावे लागले असते. त्या दिवशी चार उड्डाणे झाली; शेवटचे ५९ सेकंद टिकले आणि ८५२ फूट गेले. त्यानंतर विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याचा एक झोत आला, त्याने ते उलथवले आणि मोडले. ते पुन्हा कधी उडले नाही. ज्या वाऱ्याने त्याला चार वेळा हवेत उचलून धरले, त्याच वाऱ्याने ते जमिनीवर थांबल्यावर मोडून टाकले.

इथे पहिला आक्षेप येतो. वाऱ्याचे विमानाला काहीच वाटत नसेल, तर जगातली सगळी विमाने शक्यतो वाऱ्याकडे तोंड करूनच का उडतात आणि उतरतात? याचे उत्तर जमिनीत आहे. मध्यम आकाराचे प्रवासी विमान उतरताना हवेतून सुमारे १४० नॉट, म्हणजे ताशी २६० किलोमीटर वेगाने येते. त्यापेक्षा फार कमी वेगात पंख त्याला पेलू शकत नाहीत. समोरून १५ नॉटचा वारा असेल तर चाके टेकताना जमिनीवरचा वेग १२५ नॉट भरतो. तोच वारा पाठीमागून आला तर १५५. आकडे जवळचे वाटतात, पण थांबायचे म्हणजे विमानाची गतिज ऊर्जा ब्रेकांनी जिरवायची असते आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५५ चा वर्ग हा १२५ च्या वर्गाच्या दीडपटीहून मोठा आहे. तेच विमान, तेच वजन, तीच धावपट्टी. वाऱ्याची दिशा तेवढी उलटली की ब्रेकांवरचे काम दीडपट होते. म्हणूनच बहुतेक प्रवासी विमानांना पाठचा वारा १० किंवा १५ नॉटपर्यंतच चालतो, आणि समोरचा वारा मात्र त्याच्या कितीतरी पट चालतो.

विमानतळ बांधतानाही हाच हिशेब होतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिफारशीनुसार धावपट्टीची दिशा अशी असावी, की आडव्या वाऱ्यामुळे ती वापरता येत नाही असा काळ पाच टक्क्यांहून अधिक नसावा. आणि हे ठरवायला निदान पाच वर्षांच्या वाऱ्याच्या नोंदी पाहाव्यात. धावपट्टीला दिलेला आकडा ही तिची होकायंत्रावरची दिशा असते. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९/२७ या नावाने ओळखली जाते, म्हणजे तिचे एक तोंड ९० अंशांना, पूर्वेकडे, आणि दुसरे २७० अंशांना, पश्चिमेकडे आहे. मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्राकडून येतो आणि पावसाळ्यात तर तो पश्चिम व नैर्ऋत्येचाच असतो. म्हणून विमाने घाटकोपरच्या बाजूने येऊन उतरतात आणि जुहूच्या बाजूने समुद्रावर झेपावतात. घाटकोपर-कुर्ल्याच्या माणसाला वर्षभर विमानांचे पोट दिसते त्यामागे समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याची दिशा आहे.

हा नियम मोडला की काय होते याचे उदाहरण आपल्या देशातले आणि अलीकडचे आहे. ७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोळिकोडच्या डोंगरमाथ्यावरच्या विमानतळावर पावसात उतरत होते. पहिला प्रयत्न सोडून दिल्यावर ते उलट्या बाजूने उतरायला आले, आणि त्या बाजूने सुमारे १४ नॉटचा पाठचा वारा होता. धावपट्टीची लांबी ८,८५८ फूट. विमानाची चाके टेकली ती तिच्या सुरुवातीपासून सुमारे ४,४०० फुटांवर. विमान धावपट्टी ओलांडून खाली दरीत गेले आणि २१ जणांचा मृत्यू झाला. अपघाताला इतरही कारणे होती आणि चौकशी अहवालात ती नोंदलेली आहेत. पण वाऱ्यापुरते पाहिले तर १४ नॉट म्हणजे ताशी २६ किलोमीटर; वाळत घातलेले कपडे फडफडावेत इतपतच हा वारा. बोइंग ७४७ ला लंडनला लवकर नेणाऱ्या वाऱ्यापुढे तो काहीच नाही. धोका वाऱ्याच्या जोरावर अवलंबून असता तर हे दोन निकाल असे उलटे लागले नसते.

आडव्या वाऱ्याची गोष्टही जमिनीशीच जोडलेली आहे. उंचावर आडवा वारा असला तर विमानाचे नाक थोडे वाऱ्याकडे वळवले की काम भागते. १४० नॉट वेगाच्या विमानाला २५ नॉटच्या आडव्या वाऱ्यात धावपट्टीच्या रेषेत राहायचे तर नाक सुमारे १० अंश वळवावे लागते. हे पाहणाऱ्याला विमान तिरके चालल्यासारखे दिसते, पण विमानाच्या दृष्टीने ते सरळच चालले असते. प्रश्न उभा राहतो तो चाके टेकण्याच्या क्षणी, कारण चाकांना तिरके चालता येत नाही. म्हणून टेकण्याच्या जरा आधी वैमानिक पायाने दिशासुकाणू दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणतो आणि त्याच वेळी वाऱ्याच्या बाजूचा पंख किंचित खाली ठेवतो, म्हणजे विमान बाजूला वाहून जात नाही. वारा एकसारखा असेल तर प्रशिक्षित वैमानिकाला हे रोजचे काम आहे. तो झोताझोताने येत असेल तर आत्ता केलेली दुरुस्ती पुढच्या सेकंदाला चुकीची ठरते. १ मार्च २००८ रोजी हॅम्बुर्गला वादळी वाऱ्यात उतरणाऱ्या लुफ्तान्साच्या एअरबस ए३२० चे पंखाचे टोक धावपट्टीला घासले. वैमानिकांनी विमान पुन्हा वर नेले आणि कुणालाही इजा झाली नाही. झोतांसाठी वैमानिक उतरण्याचा वेग थोडा वाढवून ठेवतात, कारण झोत ओसरताच हवेतला वेग अचानक घटणार हे त्यांना ठाऊक असते.

दुसरा आक्षेप जुन्या वैमानिकांकडून येत असे आणि अजूनही ऐकू येतो. समोरच्या वाऱ्यात उडणारे विमान वळून पाठच्या वाऱ्यात गेले की त्याची उचल एकदम कमी होते, असे ते म्हणत. एकसारख्या वाऱ्यात हे शक्य नाही. वळताना विमान ज्या हवेत असते ती सगळी हवा एकाच वेगाने वाहत असते. त्या हवेच्या हिशेबाने समोर आणि पाठ असा भेदच नसतो. मग इतक्या जणांना तसे का वाटले? याची दोन खरी कारणे आहेत. जमिनीजवळ उडताना वैमानिकाची नजर खाली असते. पाठचा वारा लागताच जमीन वेगाने मागे पळताना दिसते, आपण फार वेगात आहोत असे वाटते, आणि हात नकळत वेग कमी करतो. दुसरे म्हणजे जमिनीलगत वारा घर्षणाने मंदावलेला असतो आणि वर चढत जावे तसा वाढत जातो. चढता चढता वळले तर विमान खरोखरच एका वेगाच्या हवेतून दुसऱ्या वेगाच्या हवेत शिरते. म्हणजे अनुभव खोटा नव्हता, कारण चुकीचे जोडले गेले होते. दोष पाठच्या वाऱ्याचा नव्हता. तो उंचीबरोबर बदलणाऱ्या वाऱ्याचा आणि फसलेल्या नजरेचा होता.

तिसरा आक्षेप हिशेबाचा आहे. एकसारखा वारा पाडत नसेल, पण त्याने जाण्यायेण्याच्या वेळेत फरक पडतोच ना? पडतो, आणि तो पूर्ण वसूल होत नाही. समजा दोन शहरांत ६,४८० किलोमीटर अंतर आहे, विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि वारा ताशी १८० किलोमीटर आहे. जाताना वारा पाठीशी, म्हणून सहा तास, येताना समोर, म्हणून नऊ तास, एकूण पंधरा. वारा नसता तर १४ तास २४ मिनिटे लागली असती. छत्तीस मिनिटांचे इंधन वाऱ्याने खाल्ले, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते. हा पैशाचा आणि नियोजनाचा प्रश्न आहे, आणि विमान कंपन्या तो मोठ्या कौशल्याने सोडवतात. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेण्यात आले. मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा झाला, तरी वेळ साडेचौदा तासांवर आला, जुन्या मार्गापेक्षा जवळजवळ दोन तास कमी. लांबची वाट जवळची ठरली, कारण त्या वाटेने वारा पाठीशी होता.

हे वारे म्हणजे जेट प्रवाह. जमिनीपासून १० ते १५ किलोमीटर उंचीवर, शेकडो किलोमीटर रुंद पट्ट्यात ते नदीसारखे वळणे घेत वाहतात. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून त्यांची मोजणी केली होती, पण ती एस्परांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केल्यामुळे बाहेरच्या जगाचे तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९४४ साली टोकियोवर उंचावरून बॉम्ब टाकायला आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना हा वारा भेटला आणि त्यांचे नेम चुकले. भारतावर हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा प्रवाह उत्तरेच्या मैदानांवर असतो. पावसाळ्यात द्वीपकल्पावर त्याच्या उलट, पूर्वेकडून येणारा जेट प्रवाह वाहतो. तो जगापुढे मांडला भारतीय शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी, १९५८ च्या शोधनिबंधात. खाली मोसमी वारा पश्चिमेकडून आणि वर १४-१५ किलोमीटरवर दुसरा पूर्वेकडून. पावसाळ्यात मुंबईहून उडणारे विमान वर चढत जाते तसे वाऱ्याची दिशाच पालटत जाते. हा पालट हळूहळू, काही किलोमीटरच्या उंचीत होतो, म्हणून तो प्रवाशाला जाणवतही नाही. बदल किती मोठा यापेक्षा तो किती कमी अंतरात होतो, यावर धोका ठरतो.

तो थोड्याशा अंतरात झाला तर काय होते हे समजायला पंखाचा एक नियम पुरेसा आहे. पंखाला मिळणारी उचल हवेतल्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी २६० किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या विमानाला समोरून ३० किलोमीटरचा वारा होता आणि काही सेकंदांत तो पाठीमागून ३० किलोमीटरचा झाला, तर हवेतला वेग ६० ने घटून २०० होतो. उचल उरते पहिल्याच्या ५९ टक्के. साठ-सत्तर टन वजनाचे विमान तो वेग लगेच भरून काढू शकत नाही; जेट इंजिनांनाही मंद गतीवरून पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात. उंची भरपूर असेल तर हा तोटा नाक खाली करून भरून निघतो. जमीन शंभर मीटरवर असेल तर तेवढी जागाच नसते. वाऱ्यातल्या अशा तीव्र बदलाला वैमानिक 'विंड शिअर' म्हणतात.

या धोक्याचे खरे स्वरूप उलगडले ते एका माणसाच्या चिकाटीमुळे. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर गडगडाटी पावसात ईस्टर्न एअरलाइन्सचे बोइंग ७२७ धावपट्टीआधीच कोसळले आणि ११३ जण मृत्युमुखी पडले. त्याआधीच्या काही मिनिटांत त्याच धावपट्टीकडे आलेल्या विमानांपैकी एकाने उतरणे सोडून दिले होते, आणि त्यानंतरची दोन सुखरूप उतरली होती. वारा 'जोराचा' असता तर सगळ्यांनाच नडला असता. शिकागो विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी प्रत्येक विमानाचा मार्ग आणि वेळ मांडून दाखवले, की ढगातून थंड हवेचा लोट खाली येऊन जमिनीवर आपटत होता आणि चहूबाजूंना पसरत होता. अशी चहूबाजूंना फाकलेली पडझड त्यांनी १९४५ साली जपानमध्ये अणुबॉम्बच्या स्फोटानंतर पाहिली होती, आणि पुढे अमेरिकेत वादळात पडलेल्या झाडांच्या मांडणीतही पाहिली होती. हवेचा असा लोट जमिनीच्या इतका जवळ पोहोचेपर्यंत जोर टिकवू शकेल, हे अनेक हवामानशास्त्रज्ञांना मान्य नव्हते. फुजितांनी वाद घालण्यापेक्षा मोजणी केली. १९७८ मध्ये शिकागोजवळ आणि १९८२ मध्ये सहकाऱ्यांसह डेन्व्हरजवळ डॉप्लर रडार लावून असे लोट प्रत्यक्ष टिपण्यात आले. यातल्या लहान, चार किलोमीटरपेक्षा कमी पसाऱ्याच्या लोटांना 'मायक्रोबर्स्ट' म्हणतात, आणि ते जेमतेम काही मिनिटे टिकतात.

मायक्रोबर्स्ट जीवघेणा ठरतो तो त्याच्या क्रमामुळे. विमान त्यात शिरते तेव्हा पहिल्यांदा समोरचा वारा वाढतो. हवेतला वेग वाढतो, विमान वर उचलले जाते, आणि वैमानिक साहजिकच इंजिनाचा जोर कमी करतो. लगेच मधला लोट विमानाला खाली दाबतो. त्यातून बाहेर पडताना वारा पाठीमागून येतो आणि हवेतला वेग कोसळतो, तोही नेमका इंजिन मंद असताना. पहिली सूचना फायद्याच्या रूपात येते, म्हणून ती फसवते. ९ जुलै १९८२ रोजी न्यू ऑर्लिन्सजवळ पॅन अॅमचे विमान उडतानाच असे सापडले आणि १५३ जणांचा बळी गेला. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस-फोर्ट वर्थला डेल्टा कंपनीचे प्रचंड आकाराचे लॉकहीड एल-१०११ उतरताना कोसळले. १३७ जण गेले. यानंतर मात्र गोष्टी हलल्या. १९८८ मध्ये अमेरिकेने प्रवासी विमानांत विंड शिअर ओळखणारी यंत्रणा सक्तीची केली, विमानतळांवर डॉप्लर रडार आले, पुढे विमानाच्या नाकातले रडार पुढच्या वाऱ्यातला बदल आधीच दाखवू लागले, आणि वैमानिकांना सिम्युलेटरवर यातून सुटण्याचा सराव देण्यात आला.

अधिक शक्तीची इंजिने बसवली की हा प्रश्न सुटेल, असे कुणाला वाटेल. पण डॅलसला पडलेले विमान आपल्या काळातले अत्यंत प्रगत विमान होते, त्याला तीन इंजिने होती. उपाय सापडला तो बदल आधी पाहण्यात आणि त्याच्या वाटेला न जाण्यात. यंत्रणेचे सगळे यश या एका शहाणपणावर उभे आहे, की विमानाची ताकद वाढवून वाऱ्याशी झुंजण्यापेक्षा दहा मिनिटे थांबावे. मायक्रोबर्स्ट तेवढ्यात विरून जातो.

मोठ्या उंचीवरही हाच फरक वेगळ्या रूपात भेटतो. एकसारखा वारा डोंगरावर आदळला की त्याच्या पलीकडे तो लाटांनी वर-खाली होऊ लागतो. ५ मार्च १९६६ रोजी टोकियोहून निघालेले बीओएसीचे बोइंग ७०७ विमान निरभ्र आकाशात फुजी पर्वताजवळ हवेतच मोडले आणि त्यातले सर्व १२४ जण मरण पावले. वादळ नव्हते, ढग नव्हते. पर्वताने वाऱ्यात निर्माण केलेली उलथापालथ होती. जेट प्रवाहाच्या कडेलाही असेच घडते. प्रवाहाच्या मध्यावर वारा सर्वांत जोराचा असतो आणि प्रवास बहुधा संथ होतो. धक्के बसतात ते कडेला, जिथे वेगवान हवा मंद हवेला घासते. स्वच्छ हवेतले हे हेलकावे नेहमीच्या रडारला दिसत नाहीत. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले, की उत्तर अटलांटिकवर अशा तीव्र हेलकाव्यांचा वर्षाकाठचा काळ १९७९ ते २०२० या दरम्यान ५५ टक्क्यांनी वाढला आहे. हवामानबदलामुळे जेट प्रवाहातला उंचीनुसारचा फरक वाढतो आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

शेवटचा आक्षेप रोजच्या बातम्यांतला. चक्रीवादळात विमानतळ बंद का होतात? १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून जात असताना मुंबई विमानतळ कित्येक तास बंद होता. वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी इथे एकत्र येतात. वादळात वारा झोताझोताने येतो, दिशा बदलतो, धावपट्टीला आडवा होतो, पावसाने धावपट्टी निसरडी होते. शिवाय जमिनीवर उभे असलेले विमान हे रोवलेल्या वस्तूसारखेच असते. दारे उघडणे, शिड्या लावणे, सामान चढवणे यांनाही वाऱ्याच्या मर्यादा असतात. त्याच वेळी त्या वादळापासून दूर, दहा किलोमीटर उंचीवरून इतर विमाने दुप्पट-तिप्पट वेगाच्या वाऱ्यातून सुरळीत जात असतात. बंद विमानतळ या विवेचनाच्या विरुद्ध जात नाही. तो त्याला दुजोराच देतो.

हे समजून घेतल्यावर प्रवाशाने दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली, आसनावर बसल्यावर सूचना दिवा विझला तरी पट्टा बांधलेलाच ठेवावा. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला चाललेल्या विमानात म्यानमारवर असताना ०.६ सेकंदात बल उलटे झाले, बसलेल्या माणसाला आसनावर दाबणारे बल त्याला छताकडे फेकणारे झाले. विमानाची उंची फारशी बदलली नव्हती, विमान सुखरूप उतरले. पण पट्टा न बांधलेली माणसे छतावर आपटली, अनेक जण गंभीर जखमी झाले आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. अर्धा सेकंद पट्टा शोधायला पुरत नाही. दुसरी, धावपट्टी समोर दिसत असताना वैमानिकाने विमान पुन्हा वर नेले, दुसऱ्या शहरात उतरवले किंवा पाऊस ओसरेपर्यंत उड्डाण थांबवले, तर त्याच्यावर रागावू नये. केनेडी विमानतळावर ईस्टर्नच्या विमानाआधी उतरणे सोडून देणाऱ्या वैमानिकाने नेमके हेच केले होते, आणि त्याचे प्रवासी जिवंत राहिले. उशीर झाल्याबद्दल विमान कंपनीला जाब विचारायचा तर जरूर विचारावा. पण बदलत्या वाऱ्यात न उतरण्याचा वैमानिकाचा निर्णय कुणाच्याही घाईखाली येऊ देऊ नये.